तबकडीतील गुरू आणि न मागितलेली दक्षिणा

उपजेचे सत्त्व तिच्या एकदाच घडण्यात असते. ध्वनिमुद्रिका तीच उपज हवी तितक्या वेळा ऐकवते. जॅझ परंपरेतील सॅक्सोफोनवादकाचे शिक्षण बहुतांशी या विसंगतीवर उभे आहे. दुसऱ्याने क्षणात सुचून वाजवलेले तो वारंवार ऐकतो, स्वरलिपीत उतरवतो, बोटांत मुरवतो. १९३७च्या उन्हाळ्यात चार्ली पार्करने लेस्टर यंगचे एकलवादन असेच मुद्रिकांवरून आत्मसात केले. हे शिष्यत्व की अपहरण, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिविचाराचाही आहे.

मराठी रसिकाला हा प्रश्न अपरिचित नाही. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व रीतसर तालीम मिळण्यापूर्वी, बालवयातच, नामवंत गायकांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन श्रोत्यांना थक्क करीत. पुढे मुंबईत बा. र. देवधरांकडे त्यांची तालीम झाली. आणि त्यांचे प्रौढ गायन त्यांपैकी कोणत्याही तबकडीसारखे राहिले नाही. अनुकरण हे स्वत्वाचे मरण ठरतेच असे नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

तथापि मुद्रिकेतून काय मिळते, हे तपासणे अगत्याचे आहे. कोलमन हॉकिन्सने १९३९ साली मुद्रित केलेले ‘बॉडी अँड सोल’ सुमारे तीन मिनिटांचे आहे. मूळ चाल तो आरंभीच मागे टाकतो. त्यातील प्रत्येक स्वर कागदावर उतरवता येतो. परंतु त्या जागी कोणते स्वर सुचून नाकारले गेले, याची नोंद कोठेच नसते. विद्यार्थ्याला निर्णय मिळतो, निवडीची प्रक्रिया मिळत नाही. शिवाय तीन मिनिटांची मर्यादा ही तबकडीची गरज होती. तीच शैली समजण्याचा धोका ख्यालाच्या जुन्या मुद्रिकांवरून शिकणाऱ्यालाही असतो. साहित्यविचारात ‘प्रभाव’ या संज्ञेने ज्याची चर्चा होते, त्याची अडचणही हीच आहे : संहिता हाती येते, तिच्यामागील खोडाखोड येत नाही.

घराण्यात विद्या देणे वा राखून ठेवणे हा गुरूचा अधिकार होता. तबकडीने गुरूची संमती अनावश्यक केली, आणि ज्यांना गुरुगृहाचे दार बंद होते त्यांनाही विद्या खुली झाली. एकलव्याची मृण्मय मूर्ती येथे आठवते. पण द्रोणांनी अंगठा मागितला. तबकडी काहीच मागत नाही. म्हणून ऋणाचे मोल ठरविण्याची जबाबदारी शिष्यावर येते. मूळ स्रोत लपविणे ही एक अप्रामाणिकता. त्याच्याच आश्रयाला आयुष्यभर राहणे ही दुसरी, अधिक सूक्ष्म. यंग वा हॉकिन्स यांनी त्या क्षणी चुकण्याची जोखीम पत्करली होती. ती जोखीम स्वतःच्या वादनात पत्करणे, हीच या ऋणाची फेड होय.