उत्तर नसलेलं गणित

॥ जय गुरुदेव ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर आपली मुलं वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. गणित असं: दोन संख्यांची बेरीज १०. त्याच दोन संख्यांच्या दुपटींची बेरीज २४. तर संख्या कोणत्या? मुलं आकडे बदलून बदलून थकली. शेवटी एकीनं पहिल्या ओळीची दुप्पट केली, तर आले २०. "२० बरोबर २४? माझंच काहीतरी चुकलं," म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. या दोन अटी एकत्र खऱ्या होऊच शकत नाहीत, हेच त्या गणिताचं उत्तर. आलेखावर काढल्या तर दोन समांतर रेषा, कितीही लांबवा, भेटायच्या नाहीत.

असं गणित आपण घरातही पाहिलंय. परिवारातले दोघे भाऊ, एक इंदूरला, एक बडोद्याला. वडील गेल्यावर दोघंही म्हणायचे, "आई वर्षातले निदान ८ महिने माझ्याकडे राहील." दोघांची माया खरी. पण ८ आणि ८ झाले १६, आणि वर्षाचे महिने १२च! दोन वर्षं दोघं एकमेकांच्या मनात खोट शोधत राहिले. खोट मनात नव्हती, अटींत होती.

मग अशा वेळी हार मानायची का? आपल्याला वाटतं, नाही. आधी विचारायचं, कोणती अट कुणी घातली? १२ महिने आपल्या हातात नाहीत. ८चा आकडा मात्र आपणच लिहिलेला. सगळ्याच अटी सोडायच्या, असंही नाही. खरं बोलणं, दुसऱ्याचा मान राखणं या अटी १२ महिन्यांसारख्याच, त्या खोडायच्या नसतात. खोडायचा तो आपला हट्ट, आणि तोही आपला आपण. समोरच्याचा खोडायला गेलो की भांडण.

शेवटी थोरला म्हणाला, "माझे ८ मी सोडले. आई, तूच सांग." तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं! ती म्हणाली, "दोघांकडे चार-चार महिने येते. उरलेले चार देवासला, माझ्या घरात, माझ्या तुळशीपाशी."

या आठवड्यात घरी सगळे मिळून बसूया. जे गणित सुटत नाही, त्यात आपण स्वतः लिहिलेली अट कोणती, आणि कुणाला विचारायचं राहून गेलंय, एवढं पाहूया.

॥ जय गुरुदेव ॥