मागची ट्रॉली

कृष्णाकाठच्या एका गावात एक तरुण शेतकरी होता. घरची जमीन थोडी, त्यात भावकीचे वाटे झालेले. एकट्या उसावर घर चालेना, म्हणून त्याने ऊस वाहतुकीत उतरायचं ठरवलं. कारखान्याशी वाहतुकीचा करार केला, बँकेचं कर्ज काढलं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर आणायला तो तालुक्याला गेला.

दुकानात त्याने एकच गोष्ट फिरून फिरून विचारली, "ओढतोय किती?"

विकणाऱ्यालाही तेच सांगायला आवडत होतं. पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, मागे दोन ट्रॉल्या लावा, वीस टन ऊस भरा, चिखलातनं काढून दाखवतो. तरुण खूश झाला. थांबतो कसा, हे त्याने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

नाही म्हणायला, ट्रॅक्टर ताब्यात देताना दुकानातला मिस्त्री चार गोष्टी बोलला होता. "हा किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. पहिले पन्नास तास दमानं घ्या, मग सर्व्हिसिंगला आणा. चाकांचे नट दोन-चार तासांनी आवळून बघत चला. रिमचा नवा रंग दबतो आणि नट सैल पडतात. आणि हे बघा, ब्रेकची पेडलं दोन आहेत. डावं डाव्या चाकाचं, उजवं उजव्या चाकाचं. शेतात वळवताना ती सुटी ठेवायची. रस्त्याला लागलं की ही खिट्टी टाकून जोडायची. एका पायात दोन्ही आली पाहिजेत."

तेवढ्यात कुणीतरी नारळ फोडला, कुणी बॉनेटला झेंडूचा हार घातला, मेहुण्याने मोबाइल काढला. तरुण "हो, हो" म्हणाला आणि फोटोसाठी सीटवर चढला.

दिवाळी झाली. कारखान्याचं धुराडं पेटायचे दिवस आले. ऊस तोडायला टोळी लागते, ती यायची बीड जिल्ह्यातून, पाटोद्याच्या बाजूच्या एका वाडीवरून. ठरलेली उचल मुकादमाकडे पोचली होती. आता ट्रॅक्टर घेऊन जायचं आणि माणसं बिऱ्हाडासकट घेऊन यायची. जायचा रस्ता तीनशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॅक्टरच्या चालीने तो लांबचाच.

गावातला आणखी एक ट्रॅक्टर त्याच वाटेने निघाला होता. चालवणारे नाना वयाने साठीच्या पुढचे. त्यांच्या ट्रॅक्टरचा रंग उडालेला, मडगार्ड तारेने बांधलेलं. नाना जेवढं चालवायचे तेवढंच थांबायचे. चहाला थांबायचे आणि चहा नसला तरी थांबायचे. खाली उतरून एकेका चाकाच्या हबवर तळहात ठेवायचे, तापलाय का बघायचे. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली पिन हाताने हलवून बघायची, तिची क्लिप चाचपायची, शेवटच्या ट्रॉलीला वळसा घालून यायचं, आणि मग बिडी.

तरुणाला याचा कंटाळा आला. "नाना, असं चाललं तर आपण संक्रांतीला पोचू."

"पोचू की," नाना म्हणाले.

सांगोल्याच्या अलीकडे तरुण पुढे निघून गेला. रस्ता सरळ होता, ट्रॉल्या रिकाम्या होत्या, ट्रॅक्टर नवा होता. थोड्या वेळाने मागून खडखड ऐकू येऊ लागली. रिकामी ट्रॉली वाजतच असते, असं म्हणून त्याने गाण्याचा आवाज वाढवला. पुढे समोरून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने हात बाहेर काढून मागे बोट दाखवलं, तेव्हा कुठे तो थांबला. मागच्या ट्रॉलीचं एक चाक डुलत होतं. तीन नट गळून पडले होते आणि उरलेले बोटाने फिरत होते.

नाना येऊन पोचले. त्यांनी पेटीतून पाना काढला, पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला, बाकीच्या चाकांचा एकेक नट काढून या चाकाला लावला आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. तरुण बाजूला उभा राहून ट्रॉली बनवणाऱ्याला शिव्या देत होता.

"त्याचं तो बघील," नाना म्हणाले. "तू हा पाना तुझ्यापाशी ठेव. माझ्याकडं दुसरा हाय."

पाना सीटखाली गेला आणि तिथेच राहिला.

पंढरपुरात मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी बार्शी मागे टाकून दोघे बालाघाटाचा चढ चढले. चढावर नव्या ट्रॅक्टरने खरंच कमाल केली. नानांचा ट्रॅक्टर धापा टाकत मागे राहिला. तरुण वर जाऊन सावलीत त्यांची वाट बघत बसला, आणि आपण सात-आठ लाख उगाच घातले नाहीत असं त्याला वाटलं. त्यात खोटं काही नव्हतं. ओढायला तो ट्रॅक्टर चांगलाच होता.

वाडीत दहा कोयत्यांची टोळी तयार होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांच्यामागे लेकरं, म्हातारी माणसं. ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, चुलीची लाकडं, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, कोंबड्यांचं खुराडं, दोन शेळ्या. सहा महिन्यांचा संसार बाहेर येऊन रस्त्याकडेला बसला होता. गल्ली अरुंद होती. तरुणाने ट्रॉल्या सोडल्या, ब्रेकची खिट्टी काढली, उजव्या पेडलवर पाय देऊन ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरवला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग ट्रॉल्या पुन्हा जोडल्या आणि सामान चढू लागलं.

टोळीत एक आजी होती. नातीला कडेवर घेऊन ती नानांच्या ट्रॉलीकडे चालू लागली.

"आजी, इकडं बसा की," तरुण म्हणाला. "नवा ट्रॅक्टर आहे."

"नवा हाय म्हणूनच," आजी म्हणाली आणि पुढे गेली. लोक हसले. तरुणही हसला, पण ते त्याला लागलं.

परतीच्या वाटेवर घाट उतरायचा होता. उताराच्या तोंडाशी नाना थांबले, चाकं बघितली, खालचा गिअर टाकला आणि मुंगीच्या पावलाने उतरू लागले. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं, असा त्यांचा नेम होता. तरुण थोडा वेळ मागे राहिला. मग आजीचं बोलणं आठवलं की काय, कोण जाणे, त्याने वरचा गिअर टाकला आणि नानांना मागे टाकलं.

ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना ते बहुधा नसतातच. सगळा भार काय धरायचा तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. हे तरुणाला पहिल्या वळणावर कळलं. त्याने गिअर बदलायला म्हणून क्लच दाबला, तसा इंजिनाचा जो काही धर होता तोही सुटला. मागचं सगळं ओझं पाठीवर आलं. त्याने घाईने ब्रेकवर पाय मारला.

पाय उजव्या पेडलवर पडला. खिट्टी वाडीत काढली होती, ती परत टाकायची राहिली होती. एकच चाक अडलं आणि ट्रॅक्टर उजवीकडे ओढला गेला, समोरच्या बाजूची वाट तोडून डोंगराच्या कडेला चरात शिरला आणि मातीच्या दरडीवर आदळून थांबला. दरी डाव्या अंगाला होती, आणि त्या घटकेला समोरून गाडी येत नव्हती. यात त्याचं कौशल्य काहीच नव्हतं.

रेडिएटर फुटून पाणी वाहू लागलं. पहिल्या ट्रॉलीची दांडी वाकली. पोरं रडत होती, एका मुलीच्या कपाळाला खोक पडली होती, कुणाचा तरी पितळी हंडा घरंगळत खालच्या वळणापर्यंत गेला.

नाना मागून आले. आहे त्या चालीने आले आणि आहे तिथे थांबले. आधी दोन्ही गाड्यांच्या चाकांना दगड लावले.

"लेकरं मोज," ते तरुणाला म्हणाले.

लेकरं सगळी होती. मग नाना वाकले आणि पेडलांजवळची खिट्टी बोटाने खाली पाडली. खट् असा आवाज झाला. त्याबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत.

नानांनी दोन फेऱ्यांत सगळी माणसं आणि निम्मं सामान घाटाखाली पोचवलं. मग ट्रॉल्या खाली सोडून ते एकटा ट्रॅक्टर घेऊन वर आले. नवा ट्रॅक्टर टोचन करून बार्शीला न्यायचा होता. तरुणाने दोर काढला.

"दोर नगं," नाना म्हणाले. "उताराला दोर ढिला पडतो आन् मागचा पुढच्याच्या अंगावर येतो." त्यांनी स्वतःजवळचा लोखंडी दांडा दोन्ही ट्रॅक्टरच्या मध्ये पिना घालून जोडला. तरुणाच्या ट्रॉल्या एका माणसाच्या राखणीवर मागे राहिल्या.

तरुण आपल्या नव्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसला. इंजिन बंद होतं, त्यामुळे पॉवर स्टेअरिंग दगडासारखं जड झालं होतं. आता वेग त्याच्या हातात नव्हता. पुढच्याने जरा जोर केला तर दांड्यातून येणारा हिसका त्याच्या खांद्याला बसायचा. पुढच्याने खड्डा चुकवला तरी त्याचं चाक त्या खड्ड्यात जाऊ शकत होतं. पुढचा अचानक थांबला तर काय होईल, हा विचार त्याच्या मनातून हलेना.

पण तसं काही झालं नाही. खड्डा यायच्या बराच आधी नानांचा डावा हात वर व्हायचा. वळणाच्या अलीकडेच चाल कमी व्हायची, वळणात नाही. उताराचा गिअर उताराच्या वरच पडायचा. आणि थोड्या थोड्या वेळाने नाना मान वळवून मागे बघायचे. पहिल्यांदा तरुणाला वाटलं, ते आपल्याकडे बघताहेत, आता काहीतरी बोलतील. मग त्याच्या लक्षात आलं की त्यांची नजर पिनेवर असते, मग चाकांवर, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या तोंडावर.

दोन दिवस आपण पुढे होतो, तेव्हा किती वेळा मागे बघितलं, ते तो आठवू लागला. टेम्पोवाल्याने बोट दाखवलं तेव्हा एकदा. दुसरी वेळ काही आठवेना.

बार्शीत काम निघालं ते दोन दिवसांचं. रेडिएटर नवा बसला, दांडी तापवून सरळ झाली, मागे राहिलेल्या ट्रॉल्या नानांनी ओढून आणल्या. टोळीच्या जेवणाचा खर्च तरुणाने केला, मुलीच्या कपाळाला टाके घालून आणले. मुकादम कुरकुरला, पण तो एरवीही कुरकुरायचाच. निघताना तरुणाने सीटखालचा पाना काढला आणि आठही चाकांना वळसा घातला. नाना बिडी ओढत ते बघत होते.

ओढणारा पुढे असतो, म्हणून वाट आपली आणि चालही आपली, असं त्याला वाटतं. चाल मागच्याला सोसेल तीच धरावी लागते, आणि हे पुढच्या सीटवर बसून कळलेले लोक थोडे. घर चालवणारे, गाव चालवणारे यांतही बहुतेकांना ते कधीतरी कुणाच्या तरी दांड्याला बांधले गेल्यावरच कळलेलं असतं. ज्यांना बांधून घ्यावं लागलं नाही, ते अजून "ओढतोय किती?" एवढंच विचारतात.

पुढच्या हंगामात त्या तरुणाने हाताखाली एक पोरगा ठेवला. पोरगा ट्रॅक्टर शिकायला उतावीळ होता. पण पहिले काही दिवस मालकाने त्याला सीटवर बसूच दिलं नाही. ऊस खाली करून कारखान्यातून रिकामं परतताना तो त्याला शेवटच्या ट्रॉलीत बसवायचा.

"मालक, मागं बसून काय शिकायचं?" पोरगा चिडून म्हणायचा. "धूळ खातोय नुसती."

"खा," मालक म्हणायचा.

एका संध्याकाळी गावाच्या अलीकडे मागून शिट्टी आली. ट्रॅक्टर थांबला. पोरगा उडी मारून पुढे आला.

"मालक, मागची ट्रॉली डावीकडं ओढतीय. आन् हबमधनं घरघर येतीय."

मालक खाली उतरला, मागे जाऊन हबवर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला. मग त्याने पोराला जॅक आणायला सांगितलं.