सभासदांची यादी

एखाद्या क्रीडामंडळाचें शील पाहावयाचें झालें तर तें कोठें पाहावें? बहुतेक लोक मैदानाकडे बोट दाखवितील. आमच्या मतें तें कचेरींतील सभासदांच्या यादींत अधिक स्पष्ट दिसतें. मैदानावर पंच असतो, प्रेक्षक असतात, नियमांचें पुस्तक असतें. यादींतून एखादें नांव खोडलें जातें तेव्हां तेथें यांपैकीं कोणीहि नसतें. खोडणाराच पंच आणि खोडणाराच प्रेक्षक.

बर्लिन शहरांतील ग्रूनेवाल्ड या रम्य भागांत 'रोट-वाइस', म्हणजे 'तांबडा-पांढरा', या नांवाचा टेनिस क्लब आहे. त्याची स्थापना 1897 सालची. टेनिस व हॉकी हे दोन्ही खेळ जर्मनींत इंग्लंडांतून आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्याभोवतीं असे क्लब उभे राहिले; कित्येक ठिकाणीं तर दोन्ही खेळ एकाच छपराखालीं नांदूं लागले. हॅम्बुर्गच्या ऊलेनहोर्स्ट क्लबानें 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्यें जर्मनीच्या नांवानें हॉकीचा संघ उतरविला, यावरून या मंडळांची प्रतिष्ठा ध्यानांत येईल. खेळांबरोबर 'फेअर' हा इंग्रजी शब्दहि जर्मन भाषेनें जसाच्या तसा उचलला. शब्द उचलणें सोपें असतें; त्याचा भार पेलावयाचा प्रसंग पुढें येतो.

तो प्रसंग येण्यापूर्वींचें एक वैभवाचें वर्ष पाहूं. 1932 सालीं डेव्हिस चषकाच्या स्पर्धेंत जर्मनीची गांठ इंग्लंडशीं बर्लिन येथें पडली. निर्णायक सामन्यांत दानिएल प्रेन हा फ्रेड पेरीविरुद्ध पांचव्या सेटमध्यें 2-5 असा मागें पडला असतां 7-5 नें जिंकला व जर्मनीस विजय मिळाला. प्रेन हा विल्ना येथें जन्मलेला यहुदी. त्या दिवशीं त्याचें कुल कोणीं विचारलें नाहीं.

नऊ महिन्यांनीं तें विचारलें गेलें. 1933 च्या एप्रिलमध्यें जर्मन टेनिस संघानें यहुद्यांस राष्ट्रीय संघांत घेऊं नये असें ठरविलें, आणि प्रेनचें नांव घेऊन त्याला वगळल्याचें जाहीर केलें. या निर्णयाविरुद्ध लंडनच्या 'टाइम्स'मध्यें निषेधाचें पत्र आलें तें पेरी आणि बनी ऑस्टिन यांचें. म्हणजे ज्या दोघांस प्रेननें हरविलें होतें त्यांचें! त्याच वसंतांत जर्मनीभर क्रीडामंडळांनीं आपापल्या याद्या 'शुद्ध' केल्या. 1925 ची जर्मन विजेती नेली नेपाख ही बर्लिनच्या टेनिस-बोरुसिया क्लबाची खेळाडू. तिलाहि क्लब सोडावा लागला, आणि मे महिन्यांत तिनें आपल्या हातानें जीवनयात्रा संपविली.

कोणी म्हणेल, अशा निर्दय सत्तेपुढें एखाद्या क्लबानें काय करावयाचें होतें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. सुरक्षित जागीं बसून दुसऱ्याच्या धैर्याचा हिशेब मागणें शोभत नाहीं. परंतु काळाचा क्रम पाहावा. यहुद्यांचें नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे 1935 सालचे. 1933 च्या एप्रिलमध्यें कित्येक मंडळांनीं जें केलें तें कायद्यानें मागण्यापूर्वींच करून टाकलें. भीतीस क्षमा असूं शकेल. तत्परतेस ती कशी असावी? मानेवर हात पडल्यावर वांकणारा दुर्बल असतो. हात उगारण्यापूर्वींच शेजाऱ्यास पुढें ढकलणारा त्याहून निराळा.

आपल्याकडे ताटावरून उठविणें हें पाप मानतात. पंक्तीस मुळींच न बसविण्याचा प्रघात मात्र आपण शतकानुशतकें धर्म म्हणून पाळला, हें आठवलें म्हणजे जर्मनांच्या यादीकडे आपल्याला परक्याच्या नजरेनें पाहतां येत नाहीं.

आतां 1935 सालचा एक प्रसंग. विंबल्डन येथें अमेरिकेविरुद्ध दुहेरीचा सामना. जर्मनीस विजयाला एकच गुण हवा. तो मिळालाहि. पण रोट-वाइसचा खेळाडू गॉटफ्रीड फॉन क्राम यानें पंचास सांगितलें कीं, चेंडू आपल्या रॅकेटला निसटता लागला होता. पंचाच्या तें लक्षांतहि आलें नव्हतें. गुण गेला, पुढें सामनाहि गेला. क्रामचें हें वर्तन थोर होतें यांत शंका नाहीं. पण दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. कोणीं न पाहिलेला स्पर्श एका माणसानें बोलून दाखविला. आणि सर्वांनीं डोळ्यांदेखत पाहिलेला अन्याय शेंकडों सभ्य सभासदांनीं बोलून दाखविला नाहीं.

क्राम नाझी पक्षांत गेला नाहीं. 1938 च्या मार्चमध्यें त्याला पुरुषाशीं प्रेमसंबंध ठेवल्याच्या आरोपावरून अटक झाली. तो पुरुष यहुदी होता. क्रामला एक वर्षाची शिक्षा सांगण्यात आली. ज्या यादींतून परक्यांचीं म्हणून नांवें खोडण्यास आरंभ होतो, ती यादी तेथेंच थांबत नाहीं. पुढें ती घरच्या ज्येष्ठ पुत्रापाशींहि येते.

युद्धानंतर क्राम परतला, क्लबाच्या पुनरुभारणींत पुढें झाला, अध्यक्षहि झाला. क्लबाकडे जाणाऱ्या रस्त्यास आज त्याचें नांव आहे. प्रेन इंग्लंडांतच राहिला व 1991 सालीं वारला. रस्त्यास नांव देणें चांगलेंच. पण त्या वेळीं देणाराचें कांहीं जात नाहीं. यादींतील एक नांव राखावयाचें तर कदाचित् सारें मंडळच पणास लावावें लागतें. जें मंडळ तेवढें पणास लावूं शकत नाहीं, त्यानें मैदानें उत्तम राखावीं, चषक जिंकावे. पण 'फेअर' हा शब्द आपल्या दारावर लिहूं नये.