पाने गाळणारे झाड



आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुंडीत फायकस असतो. वडा-पिंपळाच्या कुळातले हे झाड मोठे मानी! या खोलीतून त्या खोलीत हलवले किंवा एसीचा गार झोत लागला, की लादीवर पानांचा सडा. तहान लागली असेल म्हणून आपण रोज पाणी ओततो आणि मुळे कुजतात. वास्तविक पाने गळल्यावर त्याला पाणी कमीच लागते. फांदीची साल नखाने जराशी खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. खिडकीपाशी, उजेडात, एकाच जागी ठेवावे. वरची माती बोटभर सुकली तरच पाणी द्यावे. मग धीर धरावा.

अंजीरही याच कुळातले. लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात (१३:६-९) तीन वर्षे फळ न दिलेले झाड मालक तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. भोवती खणून खत घालीन म्हणतो. पुढे त्या झाडाचे काय झाले, हे प्रभू येशू सांगत नाही.

वाडीतले घर सोडून फ्लॅटमध्ये आलेले आईवडीलही असेच गप्प होतात, जेवण टाकतात. आपण मात्र सल्ल्यांचा मारा करतो. सहा महिने या मुलाकडे, सहा महिने त्या मुलाकडे. (वाटणी जमिनीची करतात, माणसांची नव्हे!) या आठवड्यात त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवू या, संध्याकाळची रोझरी त्यांच्याजवळ बसून म्हणू या. आणि पुढचा मुक्काम कुणाकडे, हा विषय काही दिवस काढूच नये.