सहा हजार किलोमीटर आणि एक गेट

"पैसे घरांसाठी गोळा करतोयस ना? मग सायकल कशाला? सरळ पैसेच दे की."

बाबांनी पुण्याहून फोनवर हे विचारलं, तेव्हा माझं अमेरिकेतलं एमएस संपलं होतं आणि नोकरी सुरू व्हायला तीन महिने होते. मी 'बाइक अँड बिल्ड'च्या तुकडीत नाव घातलं होतं. २००२ साली सुरू झालेली ही संस्था परवडणाऱ्या घरांसाठी तरुणांना सायकलवरून देश पार करायला लावायची. आधी प्रत्येकाने ओळखीपाळखीत देणग्या मागायच्या. मग अटलांटिकमध्ये मागचं चाक भिजवून निघायचं, वाटेत काही दिवस घरांच्या बांधकामावर राबायचं आणि शेवटी पॅसिफिकमध्ये पुढचं चाक भिजवायचं.

मी बाबांना म्हटलं, पंढरपूरला एसटी जाते म्हणून वारी बंद पडत नाही. ते हसले आणि विषय संपला.

वाटेत आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायचो. गावातल्या बायका भांडी भरभरून पास्ता आणायच्या, आजोबा लोक पंक्चरचं सामान द्यायचे. अशाच एका गावातून, मोठमोठी लॉन्स मागे टाकत, आम्ही पुढच्या गावी कामाला गेलो. तिथे ज्या बाईंचं घर उभं राहत होतं त्या स्वतःही आमच्याबरोबर खिळे ठोकत होत्या. अशा योजनांत बहुतेकदा घर फुकट मिळत नाही. कर्ज फेडायचं असतं, शिवाय शेकडो तास श्रम द्यायचे असतात.

आदल्या रात्री कुठे मुक्काम होता, त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. "छान माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "मी तिथेच काम करते. पण तिथे मला परवडेल असं घर बांधायला परवानगीच नाही." आणि पुढचा खिळा उचलला.

रात्री मी वाचत बसलो. अमेरिकेत कित्येक वस्त्यांत एका प्लॉटवर एकच कुटुंब राहील असे घर बांधायचा नियम आहे. १९२६ साली 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा झोनिंगला मान्यता दिली. निकालात अपार्टमेंटची इमारत म्हणजे बंगल्यांच्या वस्तीवरचं बांडगूळ, अशा अर्थाचा उल्लेख आहे.

म्हणजे पास्ता वाढणारी माणसं खोटी होती का? मला तसं वाटत नाही. त्यांचं प्रेम खरंच होतं. फक्त आम्ही सकाळी सहाला निघून जाणार होतो. पाहुण्याला लागतं एका रात्रीपुरतं अंथरूण. शेजाऱ्याला शाळा, रस्ता, पार्किंग, सगळ्यात कायमचा वाटा लागतो. आम्ही मात्र देणगी आणि पाहुणचार यांनाच न्याय समजत होतो.

हे मला इतकं स्पष्ट कळलं होतं, की गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला लाज वाटते.

पुण्यात मी कर्ज काढून फ्लॅट घेतला. महाराष्ट्रात मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. आमच्याकडेही तशी एक वेगळी इमारत आहे. तिथली मुलं मधल्या छोट्या गेटने बागेत यायची. ते गेट बंद करावं का, असा पोल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. कारण दिलं होतं सुरक्षेचं. मनात रीसेलचा भाव होता. इतरांचं कशाला, माझ्याच मनात होता. मी मत दिलंच नाही. गेट बंद झालं. मुलं आता मुख्य रस्त्याने वळसा घालून येतात, किंवा येत नाहीत.

माझ्या डीपीवर तेव्हाही पॅसिफिकमध्ये भिजलेलं चाक होतं.

बाबांचा प्रश्न मला आता वेगळा ऐकू येतो. सायकलने पैसे जमले, घरं उभी राहिली, त्यात काही खोटं नाही. पण त्या घामामुळे मला वाटलं की माझा वाटा देऊन झाला.

रविवारी सभा आहे. गेट उघडण्याचा विषय मी लेखी दिलाय. वरच्या मजल्यावरचे काका कालपासून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.