अडखळणारी गाडी व अडखळणारा मनुष्य

मनुष्याच्या हातून चूक झाली म्हणजे त्यास दोष देण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही; परंतु ती चूक का झाली हे शोधण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देण्यास आपण सहसा राजी नसतो. दोष देणे व दोष शोधणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न प्रत्येक मंडळीत व प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. त्याचा विचार आम्ही एका जुन्या मोटारगाडीच्या दृष्टांताने करणार आहो. मोटारीशी आमचा काय संबंध, असे खेड्यातील वाचकांनी म्हणू नये. विहिरीवरचे इंजिन ज्याने एकदा तरी चालविले आहे त्यास हा दृष्टांत सहज कळेल.

सोलापुरास जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईच्या कुर्ला उपनगरातील तिच्या कारखान्यात जी फियाट गाडी तयार होत असे, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ठाऊक झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, व टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सींचा काळ संपला. तथापि कित्येकांनी आपली घरची पद्मिनी अजून जिवापाड जपून ठेवली आहे. मुलुंड येथील आमचे एक स्नेही त्यांपैकीच होत.

त्यांच्या गाडीस एक खोड लागली. इंजिन सुरू होई, उभ्या जागी नीट चाले. परंतु सिग्नल सुटल्यावर अॅक्सिलरेटरवर पाय दिला की गाडी क्षणभर अडखळे, जणू पुढे जावे की न जावे अशा विचारात पडे, आणि मग एकदम झटका मारून धावू लागे. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून स्नेह्यांस हैराण करावे. एका मिस्त्रीने गाडी पाहताच प्लग बदलले. दुसऱ्याने पॉइंट व कंडेन्सर बदलले. तिसरा म्हणाला, कार्बोरेटरच नवा घाला. प्रत्येकाने पैसे घेतले. खोड मात्र जेथल्या तेथे राहिली.

शेवटी घाटकोपर येथील एका वृद्ध मिस्त्रीकडे ते गेले. त्याने हत्यारास हात न लावता आधी प्रश्न विचारले. “साहेब, गाडी थंड असताना अडखळते की तापल्यावरही? धावत असताना मिसिंग मारते काय? की फक्त पाय देण्याच्या क्षणीच?” स्नेही म्हणाले, “फक्त त्याच क्षणी.” तेव्हा म्हातारा म्हणाला, “मग प्लगाला उगाच बोल लावला. प्लग बिघडला असता तर गाडीने रस्ताभर रड केली असती.”

त्याने समजावून सांगितले ते असे. अॅक्सिलरेटर एकाएकी दाबला की वारा हलका म्हणून तत्काळ आत शिरतो; पेट्रोल जड, ते मागे राहते. ती क्षणाची उणीव भरून काढण्याकरिता कार्बोरेटरात एक लहानसा पंप असतो. तो नेमका त्या वेळी पेट्रोलाची चिळकांडी सोडतो. मिस्त्रीने इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढला, हाताने दांडी ओढली व आत डोकावून पाहिले. धार आली नाही. दोन थेंब कसेबसे गळले. पंपाचे जेट उघडले तो त्याच्या केसासारख्या छिद्रात तांबडी धूळ बसलेली.

दुसरा कोणी जेट फुंकून पैसे घेता. या मनुष्याने विचारले, “ही धूळ आली कोठून?” शोध करता करता तो टाकीपर्यंत गेला. गाडी कित्येक पावसाळे अर्ध्या टाकीनिशी उभी होती. ओलसर हवेने टाकीस आतून गंज चढला होता, आणि फिल्टर फाटल्यामुळे तो गंज थेट खाली उतरत होता. टाकी धुतली, फिल्टर नवा घातला, जेट साफ केले. गाडी अडखळण्याची थांबली.

ही गोष्ट ऐकून आम्हांस आनंद व्हावा. पण आम्हांस लाज वाटली. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील उपदेशकाविषयी आमच्याकडे गाऱ्हाणे आले होते. तो मनुष्य सरळ होता. परंतु मंडळीत अन्याय दिसला म्हणजे बोलावयास उठे आणि अडखळून खाली बसे. आम्ही त्यास भित्रा ठरविले व त्याची बदली करविली. त्याच्या जागी दुसरा आला. वर्षभरात तोही तसाच अडखळू लागला! मग आम्ही जाऊन विचारपूस केली, तेव्हा कळले की मंडळीकडून उपदेशकास मिळावयाचे धान्य महिनोन् महिने मिळत नसे. तो उसनवारी करी, आणि ज्याच्या घरून दाणे उसने आणी त्याच्याच विरुद्ध त्यास बोलावे लागे. गंज टाकीत होता. आम्ही प्लग बदलीत बसलो होतो. त्या पहिल्या बंधूची आम्ही पुढे क्षमा मागितली. त्याने ती दिली. पण त्याचे गेलेले वर्ष आम्हांस परत देता आले नाही.

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, असे कारण शोधीत बसलो तर पाप हे पापच उरणार नाही, प्रत्येकास सबब सापडेल.” ही शंका खरी आहे व तिचे उत्तर दिले पाहिजे. त्या वृद्ध मिस्त्रीने गाडीत दोष नाही असे म्हटले काय? मुळीच नाही. त्याने दोष धरला, उघडा केला व धुऊन काढला. सबब सांगणारा गंज टाकीतच राहू देतो. आणि घाईने दोषी ठरविणाराही गंज टाकीतच राहू देतो. दोघे एकमेकांचे विरोधी दिसतात, परंतु दोघांच्या हातून गाडी दुरुस्त होत नाही. तो बंधू बोलला नाही ही त्याची उणीव होतीच. तथापि त्याच्या पोटाची काळजी न घेणे ही मंडळीची उणीव होती, आणि न विचारता निवाडा करणे ही आमची. जो खरोखर कारण शोधतो त्यास पुष्कळदा आपलेच नाव सापडते. म्हणूनच आपण शोधीत नाही.

अंजिराच्या निष्फळ झाडाचा दाखला आपणा सर्वांस ठाऊक आहे. धनी तोडण्यास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसता वाट पाहत नाही. तो मुळाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. आणि एवढ्यानेही फळ न आले तर तोडावे, हेही तो नाकारीत नाही. दया व न्याय यांची गाठ त्या खणण्यात पडते.

असो. येत्या रविवारी मंडळीत कोणी अडखळताना दिसला तर त्यास बदलण्याच्या आधी, प्रिय वाचकहो, त्याच्या घरी जा, दोन प्रश्न विचारा व उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि आपले स्वतःचे मन सत्कृत्याच्या क्षणी अडखळत असेल तर जे पावसाळे आपण प्रार्थनेवाचून उभे राहून घालविले, त्यांचा गंज प्रभूला दाखवा. तो दोष शोधतो तो धुण्याकरिता.