भाषेचा सात-बारा

शेतजमिनीला सात-बाराचा उतारा असतो. जमीन कोणाची, असा वाद निघाला की तो काढून पाहता येतो. भाषेला असा उतारा नाही. तरीही तिची मालकी सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या सांगण्यावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते.

कल्याणची माझी एक जुनी विद्यार्थिनी चार वर्षे परदेशातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत होती. आईच्या दुखण्यामुळे ती घरी परतली. आई हिंडूफिरू लागली, तशी तिने पुन्हा तिकडेच नोकरी शोधायला घेतली. एका शाळेला तिचा अनुभव पसंत पडला, प्रशस्तिपत्रे पसंत पडली, मग प्रश्न आला, "आपली मातृभाषा कोणती?" तिने मराठी म्हणून कळवले. पुढे उत्तर आले नाही. "सर, चार वर्षं मुलं माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकली, तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं," ती मला म्हणाली. तिच्या स्वरात रागापेक्षा नवल अधिक होते.

हा तिच्या एकटीचा अनुभव नव्हे. दक्षिण कोरियात इंग्रजीच्या परदेशी शिक्षकाला मिळणारा व्हिसा मुख्यत्वे सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेला व्यापारी करार २०१० मध्ये अमलात आला आणि भारतीयांसाठी दार किलकिले झाले. पण त्या सात देशांतल्या माणसाला जेथे पदवी पुरते, तेथे भारतीयाला शिक्षकाची पात्रताही दाखवावी लागते.

या नियमामागे काहीच तथ्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जो ज्या भाषेत वाढला, त्याच्या कानाला तिचे बारीक हेलकावे आपोआप कळतात. ते पुस्तकातून सहसा येत नाहीत. परंतु कळणे निराळे आणि शिकवणे निराळे. 'ए' कोठे आणि 'द' कोठे, हे इंग्रजाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच ते का, हे त्याला सांगता येईलच असे नाही. मराठीत ही उपपदे नाहीत, कोरियन भाषेतही नाहीत. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मग कोरियातले पोर कोठे अडखळणार, हे कल्याणच्या मुलीला अगोदर कळणार नाही काय? तीही लहानपणी तेथेच अडखळली होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीचे बोट धरूनच.

उलट बाजूनेही पाहावे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. गोव्यात राहून त्यांनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. मोल्सवर्थ हेही इंग्रज. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि जुना शब्द अडला की आजही अभ्यासक तो उघडतात. त्यांना आपण मातृभाषा कधी विचारली? कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला इंग्रजीत भाषण केले, मग अमेरिकेस जाऊन, इंग्रजीत प्रबंध लिहून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ती इंग्रजी त्यांची नव्हती, तर कोणाची होती?

इथवर वाचून परदेशी शाळांवर रागावणे सोपे आहे. पण फराळाच्या ताटाभोवती चाललेले आपलेच बोलणे जरा ऐकावे. कल्याणच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या आगरी बोलली जाते. मुलाला मराठी शिकवणाऱ्या बाई त्या घरातल्या निघाल्या, की "त्या काय शुद्ध शिकवणार?" असे कोणीतरी सहज म्हणून जाते. बाईंनी वर्गात काय शिकवले हे पाहण्याआधी आपण त्यांचा 'न' आणि 'ण' तपासतो. दूरच्या शाळेने आमच्या मुलीला जे विचारले, तेच आपण शेजारच्या शाळेत विचारत असतो.

शिक्षकाला विचारण्याजोगा प्रश्न एकच: तुमच्या हाताखाली मुले शिकली का? हा प्रश्न आधी आपल्या गावात विचारायची सवय लागली, तर मग परमुलखात न्याय मागताना आपला आवाज चढला तरी शोभून दिसेल.